कॉलऱ्याची दोन हत्यारं आणि परळची सशाची पिल्लं

कॉलऱ्याचा जीवाणू मुळात माणसाच्या पोटातला नाही. तो पाण्यातला आहे, आणि तेही नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यातला. खाडीतला म्हणा ना. तिथे तो जवळ्याहूनही कितीतरी बारीक अशा कवचधारी जीवांच्या अंगावर बसतो, त्यांच्या कवचातलं कायटिन पचवतो, आणि त्याच कवचावर जागा धरून बसलेल्या इतर जीवाणूंशी मारामाऱ्या करतो. माणसाच्या आतड्यात तो येतो तो वाट वाकडी करून. आपल्या लेखी त्याचं चरित्र म्हणजे साथी, मरीआईचा गाडा, ओस पडलेल्या वाड्या. त्याच्या लेखी मात्र आतड्यातला मुक्काम थोड्या दिवसांचा आणि खाडीतला संसार कायमचा.

पॉडकास्टवर जीवाणू आपली विषं पेशीबाहेर कशी पोचवतात यावर गप्पा झाल्या, तेव्हा इतिहासाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं आली. पण खरी गंमत इतिहासातच आहे. म्हणून हा लेख. व्हिब्रिओ कॉलरीकडे दोन प्रकारची हत्यारं आहेत: एक बाहेर सोडून द्यायचं विष, जे वाहत जाऊन यजमानाच्या पेशींवर काम करतं, आणि दुसरं, शेजाऱ्याला भिडून त्याच्या अंगात खुपसायचा भाला. पहिल्याचा पुरावा १९५९ साली मिळाला, दुसरं हत्यार २००६ साली सापडलं. दोन्ही गोष्टींत परळच्या एका संस्थेत वापरलेली सशाची पिल्लं येतात. आमच्या क्षेत्रातही फार जणांना हे ठाऊक नसतं.

आधी एक आडवळण. गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात उलट्या-जुलाबांनी झटपट माणूस नेणाऱ्या एका रोगाचं वर्णन आहे, आणि स्थानिक लोक त्याला काय म्हणतात तेही त्याने नोंदवलं आहे: मोर्देशी. म्हणजे आपली मोडशी. पुढे हाच शब्द फ्रेंचांच्या तोंडी गेला आणि त्यांनी त्याचा 'कुत्र्याचं मरण' अशा अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग करून टाकला. आपल्याकडे आता मोडशी म्हणजे साधं अपचन. शब्दाचा धाक गेला, रोगाचा नाही.

आता विषाकडे. रॉबर्ट कॉख १८८३ च्या डिसेंबरमध्ये इजिप्तमार्गे कलकत्त्याला आला. अलेक्झांड्रियात त्याला मृतांच्या आतड्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू दिसला होता. कलकत्त्यात तो पुन्हा पुन्हा दिसला, आणि जिथे साथ पसरली होती तिथल्या एका तलावाच्या पाण्यातही सापडला. (फिलिप्पो पाचिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तो १८५४ मध्येच फ्लॉरेन्समध्ये पाहून ठेवला होता, पण त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही.) कॉखला एक गोष्ट खटकली. जीवाणू फक्त आतड्यात सापडतात, रक्तात किंवा इतर अवयवांत जात नाहीत, तरी काही तासांत धडधाकट माणूस सुकून काळानिळा होतो. मग मारतं कोण? त्याने अंदाज बांधला की जीवाणू आतड्यात राहून एखादं विष सोडत असला पाहिजे. हे १८८४ साल.

अंदाज बरोबर होता. तो सिद्ध व्हायला पंचाहत्तर वर्षं लागली.

इतकी का लागली? एक कारण अगदी व्यवहारातलं आहे: प्राण्यांना कॉलरा होत नाही. उंदीर, ससे, गिनीपिग, कुणालाही जीवाणू पाजा, ते मजेत राहतात. कॉखने स्वतः गिनीपिगांच्या पोटातलं आम्ल मारायला सोडा दिला, आतड्याची हालचाल थांबवायला अफूचा अर्क दिला, तेव्हा कुठे काही गिनीपिग दगावले. पण तो काही माणसाचा कॉलरा नव्हता. दुसरं कारण जास्त खोल आहे. कॉखच्याच हाताखालच्या रिचर्ड फायफरने १८९२ च्या सुमारास दाखवलं की मेलेले जीवाणूसुद्धा गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत टोचले तर तो मरतो. म्हणजे विष जीवाणूच्या अंगातच आहे, तो मरून फुटला की ते मोकळं होतं. यालाच पुढे एंडोटॉक्सिन म्हणायला लागले. कल्पना चुकीची नव्हती. अशी विषं खरोखर असतात आणि त्यांचा अभ्यास आजही चालू आहे. पण कॉलऱ्यासाठी ती भलत्या वाटेवर घेऊन गेली. पुढची दोन पिढ्या लोक जीवाणू वाटून-उकळून त्याचा अर्क प्राण्यांच्या पोटात, शिरेत टोचत राहिले आणि किती मेले ते मोजत राहिले. प्राणी मरत होते. त्यांना जुलाब होत नव्हते. ज्या रोगाचं एकमेव ठळक लक्षण म्हणजे पेजेसारखे जुलाब, त्या रोगाचा अभ्यास जुलाबाशिवाय चालला होता. आज हे वाचताना हसू येतं, पण हसण्याआधी आपल्या लॅबमध्ये आपण रोज काय मोजतो आणि ते का मोजतो, हे एकदा स्वतःला विचारून पाहावं.

ही कोंडी फोडली शंभुनाथ डे यांनी. जन्म १९१५, हुगळी जिल्ह्यातला. घरची परिस्थिती बेताची. कलकत्त्यात डॉक्टर झाले, लंडनला जाऊन १९४९ मध्ये रॉय कॅमरन यांच्याकडे पॅथॉलॉजीत पीएचडी केली, आणि परत आले. डे जीवाणूशास्त्रज्ञ नव्हते, पॅथॉलॉजिस्ट होते, आणि मला वाटतं इथेच सगळा फरक पडला. जीवाणू कसा मारतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता. रोग्याच्या शरीरातून इतकं पाणी येतं कुठून, हा होता. कलकत्त्यात वॉर्डात रोगी होतेच.

१९५३ साली त्यांनी आणि चॅटर्जी यांनी एक प्रयोग छापला. सशाला भूल द्यायची, लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, म्हणजे आतड्याची एक बंद पिशवीच तयार होते, आणि त्या पिशवीत जिवंत जीवाणू टोचायचे. पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर पिशवी पाण्याने टम्म फुगलेली. नुसतं पेप्टोनचं पाणी टोचलं तर काही नाही. एवढंच. महागडं यंत्र नाही, दुर्मीळ रसायन नाही. जीवाणू पोटात टोचण्याऐवजी आतड्याच्या आतल्या बाजूला सोडले, म्हणजे रोग जिथे होतो तिथेच पाहिलं. तसा बांधलेल्या आतड्याचा प्रयोग १९१५ मध्ये इजिप्तमध्येही झाला होता, पण तो कुणाच्या ध्यानात राहिला नव्हता.

मग १९५९. डे आता कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये होते, जिथे कॉखने मृतदेह तपासले होते. त्यांनी जीवाणू वाढवलेलं द्रावण घेतलं, ते बारीक गाळणीतून गाळून एकही जीवाणू उरणार नाही याची खात्री केली, आणि फक्त ते गाळलेलं पाणी सशाच्या आतड्याच्या पिशवीत सोडलं. पिशवी फुगली. म्हणजे विष जीवाणूच्या अंगात नाही, बाहेर आहे; त्याने ते पाण्यात सोडलेलं आहे. जेमतेम दोन पानांचा हा पेपर ३० मे १९५९ च्या 'नेचर'मध्ये आला. सुरुवातीची काही वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. डे यांना पुढे विष शुद्ध करून दाखवायचं होतं, पण त्यासाठी लागणारी साधनं त्यांच्याकडे नव्हती. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले, १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाला त्यांना मुद्दाम बोलावलं गेलं, आणि १९८५ मध्ये ते गेले. त्यांच्यावर खूप लिहिलं गेलं ते नंतर.

मुंबईची गोष्ट मात्र त्या लिखाणात एखाद्या ओळीपुरती येते.

परळची हाफकिन संस्था आपल्यापैकी अनेकांनी निदान बाहेरून पाहिलेली असेल. मुंबईच्या गव्हर्नरांचं हे जुनं निवासस्थान. वाल्डेमार हाफकिन याने १८९२ मध्ये पॅरिसला कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली, पुढच्या वर्षी हिंदुस्थानात येऊन हजारो लोकांना दिली, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगच्या लशीचं काम सुरू केलं. १८९९ मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या वाड्यात आली आणि १९२५ मध्ये संस्थेला त्याचं नाव मिळालं. आपल्याला हाफकिन म्हटलं की लस आठवते, सापाच्या विषावरचा उतारा आठवतो. सशाची पिल्लं कुणाला आठवत नाहीत.

१९५५ मध्ये इथले एन. के. दत्ता आणि हब्बू यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजीत एक पेपर छापला. त्यांना विषाच्या वादात पडायचंच नव्हतं. त्यांना कॉलऱ्यावरची औषधं तपासायची होती आणि त्यासाठी ज्याला खरोखर कॉलरा होईल असा प्राणी हवा होता. त्यांनी दूध पिणारी, अगदी काही दिवसांची सशाची पिल्लं घेतली आणि त्यांच्या आतड्यात जीवाणू सोडले. पिल्लांना जुलाब झाले. पाण्यासारखे, माणसासारखे. पिल्लं सुकली आणि मेली. मोठ्या सशाच्या बांधलेल्या आतड्यात पाणी साचताना दिसतं, पण तो रोग नव्हे. इथे आतडं कुठेही बांधलेलं नव्हतं. एका लहान प्राण्याला अगदी रोग्यासारखा कॉलरा झाला होता.

आणि १९५९ मध्येच, डे यांच्या पेपरनंतर काही महिन्यांनी, दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजीत दोन पानं छापली. यावेळी पिल्लांना जिवंत जीवाणू दिलेच नाहीत. जीवाणूंच्या पेशी फोडून काढलेला, जिवंत जीवाणू नसलेला अर्क दिला. तरी पिल्लांना कॉलऱ्यासारखे जुलाब झाले.

इथे जरा सावध राहायला हवं, कारण आपल्या गावाचं नाव आलं की आपण सैल सुटतो. विष बाहेर सोडलेलं असतं, हे सिद्ध केलं डे यांनीच, आणि आधी. मुंबईचा अर्क पेशी फोडून काढलेला होता. त्यातलं विष आधी आत होतं की बाहेर, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. अग्रहक्काचा वाद उकरण्यात काही अर्थ नाही. पण कलकत्त्याच्या प्रयोगात जे नव्हतं ते परळच्या प्रयोगात होतं: आख्खा रोग. जीवाणू नाही, फक्त त्याच्यातला पदार्थ, आणि तरीही चालता-बोलता कॉलरा. दोन शहरं, एकच वर्ष, आणि कोड्याचे दोन वेगळे तुकडे.

पुढचा धागा अमेरिकेत जातो, पण तोही परळवरूनच. रिचर्ड फिंकेलस्टाइन याने १९६४ मध्ये पिल्लांवरच्या प्रयोगांचा जो पहिला मोठा पेपर छापला, त्याच्या लेखकांत दत्ता आहेत. विषाला त्यांनी नाव दिलं कॉलराजेन. १९६९ मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत त्याचं काम उलगडत गेलं. रेणूचे दोन भाग. पाच सारख्या तुकड्यांचं एक कडं, जे आतड्याच्या पेशीवरच्या एका विशिष्ट स्निग्ध रेणूला घट्ट चिकटतं. आणि त्या कड्यावर बसलेला सहावा तुकडा, जो पेशीत शिरून एक स्विच कायमचा चालू करून ठेवतो. स्विच चालू राहिला की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू साचत जातो, क्लोराइडची दारं उघडी राहतात, क्षार बाहेर ओततात आणि त्यांच्यामागे पाणी. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की पेशी मरत नाही. तिला फक्त वेड्यासारखं कामाला लावलेलं असतं. जुन्या डॉक्टरांचा समज होता की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर सोलून निघतं, आणि तसं असेल तर रोग्याला तोंडाने पाणी पाजून काय उपयोग? युजीन गँगरोसा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकच्या साथीत जिवंत रोग्यांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून पाहिले आणि १९६० मध्ये सांगितलं की अस्तर जागच्या जागी आहे. मग हेही कळलं की साखरेबरोबर मीठ आत ओढून घेणारी दुसरी वाट विषाने बंद होत नाही. साखर-मिठाचं पाणी पाजलं की त्या वाटेने ते आत जातं. १९६८ मध्ये ढाक्यात ते रोग्यांवर नीट सिद्ध झालं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी पिंपात साखर-मिठाचं पाणी करून रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. भारतातून परत येताना आपण सगळे बॅगेत जी इलेक्ट्रलची पाकिटं कोंबतो, त्यांच्यामागे हा सगळा पत्ता आहे: विष बाहेर सोडलेलं असतं, ते पेशीला मारत नाही, आणि एक वाट उघडी ठेवतं.

पण खाडीत राहणाऱ्या जीवाणूला माणसाच्या आतड्यावर इतकं नेमकं चालणारं विष मिळालं कुठून? १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी याचं जे उत्तर दिलं, ते वाचून मी विद्यार्थिदशेत खुर्चीतून उठले होते. विषाची जनुकं जीवाणूची स्वतःची नाहीतच. ती एका विषाणूने आणलेली आहेत, जीवाणूंना लागण करणाऱ्या फेजने. हा फेज ज्या केसासारख्या तंतूला धरून जीवाणूत शिरतो, तोच तंतू जीवाणूला आतड्यात वसाहत करायला लागतो. म्हणजे निरुपद्रवी जीवाणू आतड्यात गेला, तिथे त्याने तंतू काढले, आणि तिथेच फेजने त्याला विषाचं पुडकं दिलं, असं होऊ शकतं.

आणि विष बाहेर टाकायचं दार? ते मात्र घरचंच आहे. टाइप टू स्राव यंत्रणा म्हणतात त्याला. समुद्रात याच दारातून जीवाणू कायटिन पचवणारी एन्झाइमं बाहेर सोडतो, कवच विरघळवून खायला. माणसाच्या आतड्यात त्याच दारातून विष बाहेर पडतं. शेतमाल न्यायला बांधलेल्या रस्त्यावरून तोफा न्याव्यात तसं.

दुसऱ्या हत्याराची गोष्ट सशापासून नाही, अमीबापासून सुरू होते. पाण्यात जीवाणूंना खाणारे भरपूर आहेत आणि अमीबा त्यांतला मोठा खादाड. श्टेफान पुकाट्स्की, मेकॅलॅनोस आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये सुदानच्या १९६८ च्या साथीतून आलेला एक वाण डिक्टिओस्टेलियम नावाच्या अमीबासमोर ठेवला. अमीबाने जीवाणू खायचे, पण उलटंच झालं: अमीबा मेले. मग त्यांनी जीवाणूंची जनुकं एकेक करून मोडली आणि कुठली मोडल्यावर अमीबा जगतात ते शोधलं. तेव्हा सापडली एक अख्खी नवी यंत्रणा. २००६ मध्ये तिला टाइप सिक्स असं नाव मिळालं. विष इथे पाण्यात सोडलं जात नाही, भिडल्याशिवाय काम होत नाही.

यंत्रणेची रचना उलगडली तेव्हा पुन्हा फेज दिसला. फेज जीवाणूवर बसून शेपटी आखडतो आणि आपलं डीएनए टोचतो. ही यंत्रणा म्हणजे तीच शेपटी, फक्त उलटी, आतून बाहेर मारणारी. २०१२ मध्ये मारेक बास्लर आणि सहकाऱ्यांनी तिच्या म्यानाला चमकणारं प्रथिन जोडून जिवंत पेशीत चित्रीकरण केलं. पेशीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एक नळी हळूहळू वाढते, काही सेकंद तशीच ताणलेली राहते, आणि मग पाच मिलिसेकंदांच्या आत आखडते. आतला भाला शेजाऱ्याच्या अंगात. मग म्यान सुटं करून त्याच भागांची नवी नळी बांधायची. आमच्याकडे जर्नल क्लबमध्ये ही फिल्म लावली की अजूनही लोक हातातली कॉफी खाली ठेवतात.

भाल्याच्या टोकाला वेगवेगळी विषं असतात. एक शेजारी जीवाणूची पेशीभिंत कापतं, एक त्याच्या पटलातली चरबी तोडतं, एक पटलाला भोक पाडतं. आणखी एक टोक असं आहे की ते जीवाणूंवर चालत नाही, अमीबा किंवा आपल्या पेशींतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना एकमेकांत गुंतवून टाकतं. भावंडं एकमेकांना भोसकतच असतात, म्हणून प्रत्येक जीवाणूरोधी विषाबरोबर त्याच्यावरचा उताराही त्याच जीवाणूत असतो. उतारा नसेल तर घरचाच भाला लागतो.

खाडीत हे हत्यार केव्हा उपसलं जातं? अनेक वाणांत, कायटिनवर बसल्यावर. म्हणजे जेवणाच्या ताटावर. लोझानच्या मेलनी ब्लोकेश यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की कायटिन मिळालं की जीवाणू भाले बनवतो आणि त्याच वेळी बाहेरचं डीएनए आत घ्यायची सोयही करतो. शेजाऱ्याला मारायचं आणि सांडलेली जनुकं उचलायची. नुसतं जागेसाठी भांडण नाही, लूटही आहे.

पण माणसाच्या आतड्यात, जिथे कोट्यवधी इतर जीवाणू आधीच ठाण मांडून आहेत, तिथे हा भाला चालतो का? हे पाहायला पुन्हा तोच प्राणी लागला. मधल्या काळात सशाची पिल्लं मागे पडली होती. उंदराची पिल्लं स्वस्त आणि सोयीची, पण त्यांना खरे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. २०१० मध्ये बॉस्टनच्या वॉल्डर यांच्या गटाने दत्ता आणि हब्बू यांची पद्धत परत काढली. शस्त्रक्रिया टाळून, आम्ल कमी करणारं औषध देऊन जीवाणू तोंडाने पाजले (कॉखचा सोडा आठवतो ना?), आणि पिल्लांना माणसासारखा कॉलरा झाला. जीवाणू न देता शुद्ध विष पाजलं, तरीही झाला. परळच्या १९५९ च्या प्रयोगाला अर्ध्या शतकानंतर मिळालेलं हे उत्तर. पेपरच्या शीर्षकात त्यांनी 'बॅक टू द फ्यूचर' असं लिहिलंय.

तीन वर्षांनी त्याच पिल्लांमध्ये फू, वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी हजारो वेगवेगळ्या जीवाणूंचं मिश्रण सोडलं. प्रत्येकाचं एकेक जनुक मोडलेलं. नंतर आतड्यातून कोण गायब आहे ते मोजलं. गायब झालेल्यांत ते होते ज्यांच्याकडे भाल्यावरच्या एका विषाचा उतारा नव्हता. त्यांना बाहेरच्या कुणी मारलं नव्हतं. भावंडांनीच मारलं होतं. आतड्यात भाले चालतात याचा हा पुरावा, आणि तोही मेलेल्यांच्या हजेरीपटावरून.

२०१८ मध्ये दोन गोष्टी आल्या. ऑरेगनच्या गटाने पारदर्शक झेब्राफिशच्या पोटात पाहिलं की अ‍ॅक्टिन गुंतवणारं टोक माशाच्या आतड्याची हालचाल इतकी वाढवतं की तिथला आधीचा रहिवासी जीवाणू ढकलून बाहेर काढला जातो. शेजाऱ्याला स्वतः भोसकायची गरजच नाही. घरमालकाला गुदगुल्या केल्या की तोच त्याला हाकलतो. आणि मेकॅलॅनोस यांच्या गटाने उंदराच्या पिल्लांत दाखवलं की आतड्यातल्या ई. कोलायवर भाले चालले की व्हिब्रिओमध्ये विषाच्या जनुकांचं कामही वाढतं, आणि रोग जास्त जोरात होतो. म्हणजे १९५९ चं हत्यार आणि २००६ चं हत्यार आतड्यात एकमेकांना हात देतात. एकाच घोटातून पाणी प्यायलेल्या दोन माणसांपैकी एकाला कॉलरा होतो आणि दुसऱ्याला होत नाही, त्यात आतड्यातल्या रहिवाशांचा वाटा किती, यावर सध्या बरेच गट काम करताहेत.

दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांची ती दोन पानं आता जर्नलच्या जुन्या अंकांत कुणालाही फुकट वाचता येतात, हब्बू यांच्याबरोबरचा १९५५ चा पेपरही. भाषा सोपी आहे. वाचून झाल्यावर प्रश्न पडले तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ.